राहीबाईचा राघू

मी राघू बोलतोय. लाकडाचा राघू. ‘बोलतोय’ म्हणताना माझं मलाच हसू येतं. पण एके काळी मी खरोखर बोलायचो. एका घरात तर दिवसभर माझ्याशिवाय दुसरं कुणी बोलतच नव्हतं.

माझा जन्म आटपाडीचा. दुसरं महायुद्ध चालू होतं, तेव्हाचा. तिथले शेतकरी केरबा यांची लेक राहीबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, कृष्णात नाव ठेवलं. लेकीला सासरी धाडताना पाळणा द्यायचा म्हणून केरबांनी सयाजी सुताराला काम सांगितलं. पाळणा लिंबाच्या लाकडाचा झाला. सयाजीच्या सोप्यात पांगाऱ्याचा एक हलका तुकडा पडला होता, त्यातून त्यानं पाळण्यावर टांगायला मला कोरलं. अंगाला हिरवा रंग दिला, चोच तांबडी केली.

“चोच मिटल्याली करू का उगडी?” सयाजीनं विचारलं होतं.

“उगडीच कर गड्या,” केरबा म्हणाले. “लेक मुकाट हाय माजी. नातू तरी बोलका हूं दे.”

राहीबाई बाळाला घेऊन तिथंच उंबऱ्याशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

ती मुकी नव्हती. तोतरी होती. शब्द ओठांपर्यंत नीट यायचा आणि तिथं दार लागल्यासारखा अडून बसायचा. ‘पाणी’ म्हणायचं तर ‘पा’वरच चार वेळा ठेच लागायची. लहानपणी मुली तिची नक्कल करत. मग तिनं एकच केलं, बोलणं सोडून दिलं. मानेनं हो, मानेनं नाही. लग्न ठरतानाही ती मानेनंच हो म्हणाली होती, त्यामुळं सासरच्यांना लग्नानंतरच कळलं. सगळं कळूनही एक माणूस तिच्यावर रागावला नाही, तो म्हणजे तिचा नवरा आकाराम. तो पलटणीत होता. सुटीवर आला की तिच्यासमोर बसायचा आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत नुसता थांबायचा. हे सगळं पुढं राहीबाईनंच मला सांगितलं. बाळ पोटात असतानाच आकारामची पलटण बोटीनं परमुलखात गेली होती.

पाळणा आणि मी बैलगाडीतून निघालो ते थेट कृष्णाकाठी, वाळव्याच्या बाजूला. मी डोळे फाडून बघत होतो. आटपाडीत बाभळी आणि मेंढरं पाहिलेली. इथं जिकडं बघावं तिकडं डोक्याएवढा ऊस. घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. शेजार असा नाहीच. विहीर, गोठा, पेरूची दोन-चार झाडं आणि मधे ते धाब्याचं घर.

पाळणा तुळईला टांगला. राहीबाईच्या सासू शालूबाई नातवाला बघून इतक्या हरखल्या की त्यांनी त्याच्या टाळूवर तेल घालताना अर्धी वाटी सांडली. आणि मग, हात पुसता पुसता, सुनेला म्हणाल्या,

“राहे, एक सांगती. राग मानू नगंस. पोराशी तू बोलू नगं. तुजं तोतरं त्येला लागंल. मी बोलीन, तुजा सासरा बोलंल. तू निस्तं दूध पाज.”

राहीबाईनं मान हलवली. हो.

शालूबाई दुष्ट होत्या असं कुणी समजू नका. त्यांचा पाठचा भाऊ तोतरा होता. गावानं त्याला इतकं हसून घेतलं की शेवटी तो कुणाला काही न सांगता घर सोडून गेला, तो परत आला नाही. ते दुःख त्यांनी काळजात पुरून ठेवलं होतं. नातवाच्या वाट्याला ते यायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण झालं भलतंच. बोलीन म्हणणाऱ्या शालूबाई दिवस उगवताच भांगलणीला, रानातलं तण काढायला जायच्या. सासरे नाथाजी मोटेवर. पलटणीतल्या लेकाची काळजी दोघांनाही इतकी की संध्याकाळी घरी आले तरी चुलीकडं बघत गप्प बसून राहायचे. अधूनमधून आकारामचं पत्र आलं की गावातले मास्तर येऊन वाचून दाखवायचे, तेवढा एक दिवस घरात आवाज व्हायचा. एरवी त्या घरात ऐकू यायचं ते बैलांच्या गळ्यातलं घुंगरू आणि विहिरीवरच्या मोटेची कुरकुर.

आणि पाळण्यात कृष्णात. त्याच्या डोळ्यांसमोर मी डुलत असायचो. तो मला बघून हसायचा, पाय झाडायचा, ‘आ’ करायचा. राहीबाई वाकून त्याच्याकडं बघायची, तिचेही ओठ हलायचे, पण आवाज निघायच्या आत ती पदराचा बोळा तोंडात धरायची.

पोर चालायला लागलं, पळायला लागलं, विहिरीकडं धावायला लागलं. पण बोलेना. त्याला बोलायची गरजच पडत नव्हती. त्यानं हंड्याकडं बघितलं की राहीबाई पाणी देई. शिंक्याकडं बघितलं की दूध. मुक्यानं सगळा संसार चालला होता दोघांचा. पोर दोन वर्षांचं होऊन गेलं, तरी त्याच्या तोंडून ‘आई’सुद्धा निघालं नाही.

मग उपाय सुरू झाले. शालूबाई मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेला चाटवायच्या. ते पोर तोंड वाकडं करून थू थू करायचं. राघूचा उष्टा पेरू खाल्ला की वाचा फुटते असं कुणी सांगितलं, म्हणून नाथाजी पहाटेच झाडाखाली जाऊन माझ्या खऱ्याखुऱ्या जातभाईंनी टोचलेले पेरू वेचून आणायचे. कृष्णातनं ते सगळे आवडीनं खाल्ले. वाचा काही फुटली नाही.

गावातल्या बनाबाई एकदा दळणाच्या निमित्तानं मळ्यात आल्या. पोराला दोन-तीन हाका मारून बघितल्या. तो नुसता टकामका बघत राहिला.

“शालूवयनी, पोरगं मुकं दिसतंय गं तुमचं,” त्या म्हणाल्या.

आकारामला काय कळवायचं, हाच घोर शालूबाईंना लागला. राहीबाई गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडली. दाराच्या फटीतून मला तिचे हलणारे खांदे तेवढे दिसत होते.

गुऱ्हाळाचे दिवस आले. मळ्याच्या पलीकडच्या टोकाला गूळ शिजत होता आणि त्याचा गोड वास घरभर भरलेला. शालूबाई, नाथाजी दोघंही तिकडंच. दुपारची वेळ. कृष्णात आता पाळण्यात मावत नव्हता, पण त्याच्या काठाला लोंबकळायचा त्याला नाद होता. तसा लोंबकळताना त्यानं हात वर करून मला हिसडा दिला. दोरा तुटला आणि मी जमिनीवर.

त्यानं मला उचललं, आईकडं नेलं आणि माझी चोच तिच्या गालाला लावली. मग मान तिरकी करून तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. आता हा काहीतरी करणार, अशा नजरेनं.

राहीबाईनं मला हातात घेतलं. दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. आणि मग तिनं एक बारीक, किनरा आवाज काढला, पाखरासारखा.

“मिठू मिठू! किस्नातदादा, मला पेरू दे की रं!”

पोर एकदम खदखदून हसलं. पण राहीबाई हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. आख्खं वाक्य आलं होतं. कुठंही न अडता. तिनं पुन्हा आपल्या आवाजात म्हणून बघितलं, “कि-कि-कि…” अडलं. परत मला पुढं धरलं, “किस्नातदादा, भूक लागलीया मला!” सरळ, झुळझुळ पाण्यासारखं.

असं का होत होतं ते मला सांगता यायचं नाही. मला एवढंच वाटतं, की तिचं बोलणं हसण्यावारी नेणारी माणसं राहीबाईच्या तोंडावर पहारा करत होती. राघूच्या तोंडावर कुणाचाच पहारा नव्हता.

त्या दुपारपासून मी बोलायला लागलो. आणि काय बोललो म्हणता! राहीबाईच्या आत वर्षानुवर्षं साठलेलं सगळं माझ्या चोचीतून बाहेर पडू लागलं. भाकरी थापताना मी परातीच्या कडेला बसायचो. “ही बग भाकर. गोल भाकर. आता तव्यावर गेली. आता फुगंल बग… फुगली, फुगली!” म्हशीचं दूध काढताना, “म्हस कशी वरडती? ह्यांऽऽ!” कृष्णात गवत घेऊन पळाला की मी त्याच्या मागं, “दादा गवात घेऊन चालला. कुणाला देणार दादा? म्हशीला का बैलाला?” आणि एवढं विचारून मी गप्प बसायचो.

ते गप्प बसणंच राहीबाईचं खरं. मोठी माणसं पोराला विचारतात आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. मी पाळण्यावरून पुष्कळ बघितलंय. तोंडातला शब्द बाहेर यायला वेळ लागतो, हे राहीबाईला कुणी शिकवायला नको होतं. ती थांबायची. पोराच्या डोळ्यांत बघत, भाकरी करपली तरी थांबायची. आता ती हंड्याकडं बघितल्याबरोबर पाणीही देईना. पेला हातात धरून मला बोलायला लावायची, “काय पायजे दादाला? पानी?” आणि वाट बघायची. त्यानं नुसतं ‘आ’ केलं तरी, “व्हय, पानी! गार पानी!” म्हणून पेला त्याच्या हातात.

ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं, तरी एक शब्द नाही. राहीबाई मात्र थकली नाही. एकदा धुणं वाळत घालताना तिनं मला विहिरीच्या काठावर ठेवलं होतं. धुणं झालं तशी ती बादली घेऊन घराकडं निघाली, मला विसरली. कृष्णात तिच्या मागं गेला, थांबला, माझ्याकडं वळून बघितलं आणि तिचा पदर ओढून ओरडला,

“आगू!”

बादली तिच्या हातातून पडली.

“आगू! आगू!” पोर बोट दाखवत नाचायला लागलं.

‘राघू’ म्हणायचं होतं त्याला. अहो, ज्या पोरानं आईला हाक मारली नव्हती, त्यानं आधी मला मारली. राहीबाईनं एका हातात त्याला आणि एका हातात मला घेतलं, आणि हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नव्हतं. एवढी मोठी बातमी, पण सांगायची कुणाला? सांगितली असती तर बोलल्याचं उघड झालं असतं.

पण उघड व्हायचं होतंच. त्यानंतर शब्द एकामागून एक येत गेले, बा, म्याव, भाक, दे. शालूबाईंना वाटलं पेरूनं गुण दिला. मग एकदा डोकं दुखतं म्हणून त्या शेतातून लवकर आल्या. आत कुणी बाई खळखळून बोलत होती. बनाबाई आल्या असतील म्हणून त्या दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. दाराकडं पाठ करून बसलेली त्यांची सून बोलत होती. मला त्या समोर दिसत होत्या. मी काय करणार? मी आपला बोलत राहिलो.

“आगू, दे,” कृष्णात म्हणाला.

“काय देऊ दादा? गूळ देऊ?”

“गू… गूल दे.”

शालूबाईंनी तोंडावर पदर धरला. पाऊल न वाजवता मागं सरकल्या, ओट्यावर जाऊन बसल्या आणि कितीतरी वेळानं उगाच मोठ्यानं खोकून आत आल्या. दुसऱ्या दिवसापासून शेतातून यायच्या झाल्या की लांबूनच बैलाला हाका मारत येऊ लागल्या, सुनेला चाहूल लागावी म्हणून.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत गोड. अजूनही गुळाचा वास आला की मला ती दुपार, ते सारवलेलं घर आणि आमचं तिघांचं बोलणं आठवतं.

लढाई संपली. आकाराम जिवंत आहे, पलटणीतून सुटून घरी येणार आहे, असं पत्र आलं. मास्तरांनी ते पुरं वाचायच्या आधीच नाथाजी उठून बैलांना ओवाळायला गेले. घर हसायला लागलं. आणि नेमका त्याच सुमाराला कृष्णात अडखळायला लागला.

तीन वर्षांच्या पोराच्या मनात बोलायचं फार असतं आणि जीभ मागं पडते. कितीतरी पोरं तशी अडखळतात आणि आपोआप सुधारतात. पण शालूबाईंनी ते एके सकाळी ऐकलं. “म-म-मला, म-मला भाकर.” त्यांच्या हातातली उलथणी गळून पडली. त्यांना समोर नातू दिसेना, घर सोडून गेलेला भाऊ दिसायला लागला.

“लागलं! शेवटी लागलंच की गं!” त्या ओरडल्या. “मी बगून न बगितल्यावानी केलं, माजंच चुकलं. ह्यो राघू आन् तुजं बोलणं, दोनी बास झालं!”

त्यांनी मला उचललं आणि वरच्या फळीवर, हंड्याशेजारी ठेवून दिलं. कुणाचाच हात पोचणार नाही इतक्या वर.

“आन् तू रं, नीट बोल. न्हाईतर बोलूच नगंस.”

कृष्णातनं त्यातलं दुसरंच ऐकलं. तो बोलायचा बंद झाला. रोज माझ्याखाली येऊन उभा राहायचा, मान वर करून बघायचा, ओठ हलवायचा आणि निघून जायचा. राहीबाई पुन्हा मानेनं बोलू लागली. फळीवरून मी ते बघत होतो. लाकडाला रडता येत असतं तर माझा रंग तेव्हाच उतरला असता.

आकाराम आला तो एका सकाळी. गावातली माणसं त्याच्या मागं मळ्यापर्यंत आलेली. खाकी कोट, हातात ट्रंक, रापलेला चेहरा. शालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच्या गळ्यात पडल्या. नाथाजी नुसतेच त्याच्या दंडाला हात लावून उभे. मग सगळ्यांनी कृष्णातला पुढं ढकललं.

“ए, बा म्हण की रं! बा आलाय तुजा!”

“बोल की. लाजतंय व्हय?”

कृष्णातनं आईचे पाय घट्ट धरले. ओठ मिटलेले. गर्दीतून बनाबाईंचा आवाज आला, “मी म्हनलं न्हवतं? मुकं हाय त्ये.”

आकारामचा चेहरा उतरला. त्यानं आईकडं बघितलं. शालूबाई जमिनीकडं बघत होत्या. कृष्णातनं हळूच मान वर केली आणि उघड्या दारातून माझ्याकडं बघितलं. राहीबाईनंही बघितलं. मला वाटलं, आता ती कुणाला तरी सांगून मला खाली काढणार. मी तयारच होतो.

पण तिनं नजर माझ्यावरून काढली. पोरासमोर खाली बसली, डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळ्या गावासमोर, स्वतःच्या आवाजात बोलली.

“कि-किस्नात. ह्यो… ह्यो तु-तुजा ब… ब… ब…”

अडलं. कुणीतरी फिसकन हसलं. कुणी दुसरीकडं बघायला लागलं. तिच्या मानेची शीर ताठ झाली होती, डोळे गच्च मिटले होते. शालूबाईंना राहवेना, तो शब्द आपणच म्हणून टाकायला त्यांनी तोंड उघडलं.

“थांब आये,” आकाराम म्हणाला. “ती म्हंतीया. म्हणू दे तिला.”

आणि तो गुडघ्यावर बसला. पूर्वी बसायचा तसा. मळ्यात सगळं शांत झालं. बैलाचं घुंगरूही वाजेना.

“ब… ब… बा हाय,” राहीबाई म्हणाली. डोळे उघडले. आणि थांबली, पोराच्या तोंडाकडं बघत.

कृष्णातनं कोटाकडं बघितलं. मिशांकडं बघितलं.

“ब-ब-बा हाय?”

“व्हय,” आकाराम म्हणाला. “मी तुजा बा.”

“मग… को-कोट काड की. उकाडतंय.”

सगळं गाव हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. आकारामनं खरोखरच कोट काढला आणि पोराच्या अंगावर घातला. कोट जमिनीवर लोळत होता आणि त्याच्या आतून पोर बडबडत होतं, “म-माजा राघू वर हाय, आजीनं ठिवलाय, का-काडून दे.”

शालूबाई ओट्यावर बसल्या होत्या. राहीबाई त्यांच्याजवळ गेली. शालूबाईंनी तिचा हात धरला.

“माज्या भावाचं बोलणं पुरं व्हईस्तवर कवा कुणी थांबलंच न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “मीबी न्हाई. त्येचा शबुद मीच पुरा करायची.”

“आ-आत्याबाई,” राहीबाई म्हणाली, आणि सासूनं पहिल्यांदाच, पुढचं ऐकायला मान वर करून वाट बघितली.

पुढं काय सांगू? कृष्णातचं अडखळणं हळूहळू आपोआप गेलं. राहीबाईचं गेलं नाही, जन्मभर राहिलं. पण गप्प राहणं मात्र गेलं. ती बाजारात बोलायला लागली, भांडायला लागली, एकदा तर बनाबाईंनाच तिनं अडखळत अडखळत असं सुनावलं की शालूबाई आठवडाभर हसत होत्या. माझी गरज सरली. धाकटी अनसूया झाली तेव्हा मी पुन्हा पाळण्यावर गेलो, पण तिच्याशी घरातलं जो तो आपापल्या आवाजात बोलायचा. तिनं मला फक्त चावायला वापरलं. माझी शेपटी तिनंच खाल्ली.

तो मळा, तो गुळाचा वास, ती माणसं आता नाहीत. राहीबाई जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. कृष्णात नोकरीच्या निमित्तानं साताऱ्याला आला आणि त्याच्या ट्रंकेतून मीही आलो. हिरवा रंग उडालाय, एक डोळा पुसला गेलाय. खिडकीत बसून असतो.

मला तुमच्याकडं फार काही मागायचं नाही. घरातलं लेकरू एखाद्या शब्दावर अडलं तर तो शब्द तुम्ही पुरा करू नका. हातातलं काम ठेवा आणि त्याच्याकडं बघत थोडे थांबा. एवढंच. मी आता फार बोललो, माझ्यासारख्या लाकडानं इतकं बोलू नये.

घरात सध्या एक पोर आहे, कृष्णातची नात. दीड वर्षाची. काल ती खिडकीशी आली, माझ्याकडं बोट केलं, बराच वेळ ओठ हलवत राहिली. सगळं घर श्वास धरून थांबलं. आणि मग म्हणाली, “काऊ.”

काऊ! मला! पण असू दे. रंग उडाल्यावर माणसाला तरी कोण ओळखतं? मी मनातल्या मनात तिला ‘ओ’ दिली.